सगुणाची सरकारी घंटा

कुठल्याशा डोंगरापलीकडे एक जंगल होतं. तिथले सगळे प्राणी कागदोपत्री शाकाहारी होते, त्यामुळे तिथं शांतता होती.

या जंगलात सगुणा नावाची भेकरीण राहायची. शेजारी रणधीरराव बिबटे आणि त्यांची बायको चंद्रा. एका दुपारी रणधीररावांनी चंद्राचा गळा धरला, तो तिचा जीव जाईपर्यंत सोडला नाही. करवंदीच्या जाळीतून सगुणानं सगळं पाहिलं आणि भेकरं जे करतात ते केलं. ती भुंकली. अख्ख्या जंगलानं ऐकलं. चौकशीत मात्र त्या दुपारी अख्खं जंगल झोपलेलं निघालं.

रणधीररावांना अटक झाली आणि त्यांच्या जामिनाचा अर्ज कासव न्यायमूर्तींपुढे आला. रानडुकरांचा एक खटला त्यांच्याकडे डुकरांच्या आजोबांपासून पडून होता. हा अर्ज त्यांनी जेवणाआधी निकाली काढला.

"आरोपी शाकाहारी आहे. शिवाय त्याला बायको एकच होती, त्यामुळे गुन्हा पुन्हा घडण्याची शक्यता दिसत नाही. जामीन मंजूर. साक्षीदारापासून शंभर पावलं लांब राहावं."

आरोपीचे वकील खोकड उठले. "लांब राहू की साहेब. पण बाई आहेत कुठं हेच ठाऊक नसेल, तर माझ्या अशिलानं लांब राहायचं कुणापासून?"

मुद्दा बिनतोड होता. साक्षीदाराचं संरक्षण म्हणून सगुणाच्या गळ्यात सरकारी घंटा बांधण्यात आली.

बाहेर गुलाल उधळला. तरसं घसा फोडून ओरडत होती, "कोण म्हणतं सुटणार नाही? सुटल्याशिवाय राहणार नाही!"

त्यानंतर सगुणानं चरायला मान वाकवली की घंटा वाजायची. झोपेत कूस बदलली तरी वाजायची. मग समोरच्या टेकाडावरून, बरोबर शंभर पावलांवरून, हाक यायची, "काय वहिनी, बरं चाललंय ना? अंतर मोजून घ्या हं. नंतर तक्रार नको."

शेजारची साळू गोदाक्का समजावायला आली. "सगुणे, विसर की गं. उन्हात नीट दिसलं नाही म्हणावं."

"ऊन कुठलं आक्का? सावलीतच मारलं त्यानं तिला."

गोदाक्का काटे मिटून आल्या वाटेनं परत गेली.

मग निवडणूक आली. रणधीरराव निवडून आले आणि महिला कल्याण मंत्री झाले, कारण घरची काहीच जबाबदारी नसलेले तेच एकटे होते. पहिल्याच सभेत ते म्हणाले, "माता-भगिनींनो, एकट्या सगुणावहिनींना घंटा, मग बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? यापुढं प्रत्येकीला घंटा, तीही फुकट!"

घंटेवर त्यांचा हसरा फोटो होता. बघता बघता जंगलातली प्रत्येक मादी वाजू लागली.

साक्षीच्या दिवशी सकाळी गोदाक्का दारात उभी राहिली. मागं सांबरिणी, वानरिणी, दोन कोल्हिणी.

"चल. आमचंही कोर्टाकडंच काम आहे."

"कसलं?"

"चालता चालता ठरवू."

रणधीरराव टेकाडावर कान टवकारून उभे होते, पण चहूकडून घंटाच घंटा. शंभर पावलं कुणापासून मोजायची तेच कळेना. सगुणा कोर्टात पोचली. पाहिलं ते तिनं सांगितलं. कासवांनी ते लिहून घेतलं आणि उलटतपासणीला पुढची तारीख दिली.

संध्याकाळी फर्मान निघालं. महिलांकडून योजनेचा सर्रास गैरवापर होत असल्यानं सर्व घंटा तातडीनं जमा कराव्यात.

सगुणाची तेवढी राहू दिली. ती कोर्टाच्या हुकमानं होती, आणि सरकारला न्यायालयाचा फार आदर होता.