‘इतर’ नावाचा फोल्डर

एका गावाच्या वाचनालयात अनुजा नावाची मुलगी काम करायची. कुणी पुस्तक आपटलं तरी दचकायची, पण हात तिचा भारी नेटका. म्हणून गावाने तिच्यावर एक काम सोपवलं. घरोघरच्या मोबाईलमधले, पेनड्राइव्हमधले फोटो, व्हिडिओ, गाणी, सगळं वाचनालयाच्या संगणकात एका जागी लावायचं.

अनुजाने वर्षावार फोल्डर केले. ज्यातलं वर्ष किंवा माणूस कळेना, ते विचारायला मात्र तिची जीभ रेटेना. ‘कॉलेज शिकली आणि एवढं कळत नाही?’ असं कुणी म्हणालं तर? मग ती ते गुपचूप ‘इतर’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकी. वरून सगळं चकाचक दिसे. ‘इतर’ मात्र फुगत फुगत दोन हजारांवर गेला.

जत्रेच्या आदल्या सकाळी लेझीमवाल्या भागीरथीमावशी आल्या.

“पोरी, लेझीमचा शेवटचा डाव, तो मोरडाव, कुणाला म्हणून आठवत नाही बघ. आमचे मामंजी खेळायचे. त्यांचा व्हिडिओ मी दिलाय तुला, तेवढा लाव. डाव अर्धा टाकून देवापुढून परतायचं का आम्ही?”

‘फाईल खराब झाली’ म्हटलं असतं तर अनुजा सुटली असती. शब्द ओठांवर आलेही होते. पण मावशी चपला बाहेर काढून, पदर सावरून, देवळात बसावं तशा संगणकापुढे बसल्या होत्या.

“मावशी, व्हिडिओ आहे, पण कुठे ते ठाऊक नाही. त्यात कोण आहे हे विचारायची लाज वाटली, म्हणून नाव न घालताच दोन हजारांच्या ढिगात टाकलाय मी.”

मावशी खो खो हसल्या. “एवढंच होय! अगं, चाळीस वर्षं लेझीम खेळते मी, तरी पाऊल चुकलं की शेजारणीला विचारतेच. बोलाव सगळ्यांना, ज्याचं त्याला ओळखू दे!”

तासाभरात वाचनालय भरलं. अनुजा एकेक व्हिडिओ लावी आणि लोक ओरडत, “हा आमचा दगडू, मिशा फुटायच्या आधीचा!” “अन् ही विहिरीला पाणी लागलं तेव्हाची मिरवणूक!” अनुजा दचकत होती, हसत होती, भराभर नावं घालत होती. दुपार टळता टळता पडद्यावर मामंजी आले, गुडघ्यात वाकून मोरासारखे गिरकी घेणारे. मावशींनी खुर्ची सारली आणि तिथेच पाय टाकायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी देवापुढे मोरडाव पुरा झाला. महिन्याभरात ‘इतर’ रिकामा झाला. अनुजाने तो पुसला मात्र नाही. त्याचं नाव तेवढं बदललं: ‘विचारायचं आहे’.

तात्पर्य: नुसतं एका जागी रचून ठेवलेलं वेळेला हाती लागत नाही. ठाऊक नाही ते जो न लाजता विचारतो, त्याचाच संग्रह दहाजणांच्या उपयोगी पडतो.