उकिरड्यावरून उचललेली

“म्हणजे तुमचा देव क्रुसावर मेला? पळून गेलेल्या गुलामासारखा?”

“हो,” म्हणत निकोननं चामड्यातून सुई ओढली.

लुसियुस हसला. रोमच्या राज्यातल्या त्या बंदरात तो भल्याभल्यांची बोलती बंद करायचा. आणि आज समोर कोण, तर तंबू शिवणारा एक म्हातारा, कपाळावर पळपुट्या गुलामाचा डाग असलेला! तरी तिथले ख्रिस्ती त्यालाच गुरू मानायचे.

“देव म्हणजे सामर्थ्य,” लुसियुस म्हणाला. “मार खाणाऱ्या देवाला हात जोडून काय मिळतं तुम्हाला? मूर्ती नाही, देऊळ नाही, नैवेद्य नाही. वर लोकांनी टाकलेली पोरं गोळा करत फिरता.”

“फिरतो खरे, धनी.”

“का?”

निकोननं पुढचा टाका घातला.

खरं सांगायचं तर लुसियुस वाद घालायला आलाच नव्हता. नऊ दिवसांपूर्वी त्याला मुलगी झाली होती, उजवा पाय वाकडा. रीतीप्रमाणे सुईणीनं तिला त्याच्या पायाशी जमिनीवर ठेवलं. बापानं उचललं तर लेकरू घरातलं, नाही तर वेशीबाहेरच्या उकिरड्यावर. लुसियुसनं पाठ फिरवली. तेव्हापासून बायको त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती, आणि त्यालाही अन्न गोड लागत नव्हतं.

“उकिरड्यावर एक मुलगी...” तो शेवटी म्हणाला. “वाकड्या पायाची...”

म्हातारा उठला, आत गेला, आणि फडक्यात गुंडाळलेलं लेकरू घेऊन आला. ते त्यानं लुसियुसच्या पायाशी मातीवर ठेवलं, अगदी त्या सुईणीसारखं.

पाय वाकडाच होता. पोरगी जिवंत होती.

लुसियुसचे डोळे भरले. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते खोटं नाही. फाटकाशी चार हमाल बघत उभे होते. त्यानं अंगावरचं वस्त्र सारखं केलं आणि हात पुढे केले.

“दे इकडे.”

“वाका, धनी.”

“मी कुणापुढं वाकत नाही.”

निकोन गुडघे धरत धरत तिच्याशेजारी मातीत बसला...

“आमच्या देवालाही तसं म्हणता आलं असतं.”