अळीला हवं हिरवं पान

एक होती अळी. तांदळाच्या दाण्याएवढी. सगुणामावशीच्या बागेत, तरवडाच्या झुडपावर राहायची. तरवडाचं हिरवं पान सोडून तिला दुसरं काही चालत नसे. नखरे नव्हेत. त्या अळ्यांचं असंच असतं.

एक दिवस झुडपावरचं शेवटचं पानही पिवळं पडलं. टप्प! पान खाली, अळी खाली. अळीला लागली भूक.

"तरवडा, तरवडा, पान दे ना. मी खाऊ काय?"

तरवड म्हणाला, "माझे पाय बुडालेत. पाणी हटलं, तर देईन पान."

अळी गेली पाण्याकडे. वळवळ वळवळ.

"पाण्या, पाण्या, हट ना. तरवड पान देईना, मी खाऊ काय?"

पाणी म्हणालं, "जाऊ कुठे? वरून झारी ओततेय. झारी थांबली, तर हटेन."

अळी गेली झारीकडे. वळवळ वळवळ.

"झारी, झारी, थांब ना. पाणी हटेना, तरवड पान देईना, मी खाऊ काय?"

झारी म्हणाली, "मला काय हौस आहे? मावशी उचलते, मी ओतते. मावशीने ऐकलं, तर थांबेन."

अळी गेली मावशीकडे. वळवळ वळवळ.

"मावशी, मावशी, ऐक ना. झारी थांबेना, पाणी हटेना, तरवड पान देईना, मी खाऊ काय?"

मावशी म्हणाली, "अगं, पान गळलं म्हणजे झाड तहानलंय. अजून दोन झाऱ्या घालते. बिरूआबांनी येऊन सांगितलं, तरच ऐकेन."

बिरूआबा कुंपणापलीकडे शेळ्या राखत. माळावरचं झाडन्‌झाड त्यांना ठाऊक. अळी गेली आबांकडे. वळवळ वळवळ. सकाळची दुपार झाली.

"आबा, आबा, उठा ना. मावशी ऐकेना, झारी थांबेना, पाणी हटेना, तरवड पान देईना, मी खाऊ काय?"

आबा म्हणाले, "उठलो असतो, पोरी. पण घोंगड्यावर शेळी बसलीया. घोंगडं टाकून मी कुठं जात न्हाई. शेळी हलली, तर उठतो."

अळी गेली शेळीकडे. वळवळ वळवळ. शेळी रवंथ करत होती. कचर कचर.

"शेळी, शेळी, हल ना. आबा उठेनात, मावशी ऐकेना, झारी थांबेना, पाणी हटेना, तरवड पान देईना, मी खाऊ काय?"

शेळी म्हणाली, "नाही हलत."

कारण? काही नाही. शेळीला कारण लागत नाही.

आता पुढे जायला कोणी उरलंच नव्हतं. अळीला रडू आलं. रडत रडत ती शेळीच्या नाकावर चढली. वळवळ वळवळ. शेळीला झाली गुदगुली.

आऽऽऽक्छी!

अळी उडाली. पडली आबांच्या मुंडाशावर.

मग काय!

शेळी हलली. आबा उठले. खांद्यावर घोंगडं, डोक्यावर अळी. बागेत येऊन म्हणाले, "सगुणे, हे माळावरचं झाड. रोज पाणी पाजून मारतीस व्हय त्याला?"

मावशीने ऐकलं. झारी थांबली. पाणी हटलं. तरवडाने पाय सुकवले. त्याला लागले तीन दिवस. अळीने झुडपावर परतून वाट पाहिली. भूक फार होती, पण करते काय?

चौथ्या दिवशी तरवडाने दिलं पान. हिरवंगार!

कुरुम कुरुम. पानाला पडलं भोक.

मावशी धावत आली. "आबा, बघा! कोवळ्या पानाला भोक! आता काय घालू?"

आबा म्हणाले, "काय बी घालू नको. फुलपाखराची अळी हाय. जेवतीया. जेवू दे."

मावशी हात बांधून उभी राहिली. अळी खात राहिली. कुरुम कुरुम. पान संपलं. तरवडाने दुसरं दिलं. तेही संपलं.

अळीचं पोट झालं टम्म, तेव्हा कुठे आपली गोष्ट संपली.