इनोसिटॉलचा चमचा

"मग एकाऐवजी दोन चमचे दिले, तर गुण लवकर येणार नाही का?"

वेणूकाकींनी हे विचारलं तेव्हा इनोसिटॉलच्या भुकटीचा डबा त्यांच्या मांडीवर होता. शेजारी त्यांची सून केतकी मान खाली घालून बसली होती.

मठाच्या दवाखान्यात सुमेधाताई बसायच्या. संन्यास घेण्याआधी त्या औषधशास्त्र शिकवत. वय पस्तीस. काकींनी त्यांना वाकून नमस्कार केला नव्हता. मुलीच्या वयाच्या बाईच्या पाया कोण पडतं?

केतकीची पाळी दोन-दोन महिने येत नाही, डॉक्टरांनी पीसीओएस सांगितलंय, हे काकींनीच सांगितलं. शेजारणीच्या मुलीला या भुकटीने फरक पडला, म्हणून त्यांनी ती आणली. धान्या-फळांतही असणारी वस्तू, तिने काय बिघडणार, हेही ठासून सांगून झालं.

ताईंनी केतकीकडे बघितलं. "त्रास काय होतो?"

"काही नाही," काकी म्हणाल्या. "जरा पोट बिघडतं. अकराच्या सुमारास हात थरथरतात, घाम फुटतो. हल्लीच्या मुली नाजूकच."

"चमचा कोणता घेता?"

"पोह्यांचा. शिगोशीग."

ताईंनी वर्तमानपत्र पसरलं आणि डबा उपडा केला. पांढऱ्या ढिगातून प्लास्टिकचा एक इवलासा चमचा घरंगळला. मापाचा. महिनाभर तो भुकटीतच बुडून होता.



"आणखी कसल्या गोळ्या चालू आहेत?"

"छे, कसल्याच नाहीत," काकी म्हणाल्या.

ताईंनी तो चमचा उचलला, काकींच्या समोरून नेला आणि केतकीच्या तळहातावर ठेवला. मग नुसत्या थांबल्या.



"शुगरच्या," केतकी म्हणाली. "लग्नाआधीपासून. घरी कळलं तर माझ्या माहेरचा उद्धार होईल, म्हणून लपवून घेते."

काकींनी तोंड उघडलं. ताईंनी हात वर केला, ते मिटलं.

ही भुकटीही रक्तातली साखर उतरवू शकते, ताईंनी केतकीला सांगितलं. गोळ्यांच्या जोडीला ती घेतली, तीही भलत्या मापाने, तर साखर फार खाली जाऊ शकते. आजच डॉक्टरकडे जायचं, डबा आणि गोळ्या दोन्ही दाखवायच्या. तोवर भुकटी बंद. गोळ्यांत आपल्या मनाने बदल करायचा नाही. पुन्हा थरथरलं तर लगेच साखर खायची.

"म्हणजे भुकटी वाईट?" काकींनी विचारलं.

"नाही."

"मग चांगली?"

ताईंनी वर्तमानपत्र दुमडून भुकटी परत डब्यात ओतली.

काकींचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "मग मी काय करू, ताई?"

"डॉक्टर हिला विचारतील तेव्हा बाहेरच्या बाकावर बसा."