उंबरदरीच्या हैबतीची हाळी

फार वर्षांपूर्वी, म्हणजे मीठ बैलांच्या पाठीवर बसून घाट चढून घरी यायचं, त्या काळातली ही गोष्ट. घाटमाथ्यावर उंबरदरी नावाचं गाव होतं. गाव अजून आहे. बाकीचं किती खरं मानायचं ते ऐकून झाल्यावर ज्याचं त्यानं ठरवावं, मधे बोलू नये.

गावाच्या खाली एक नाळ होती. नाळ म्हणजे डोंगराच्या घळीतून चढणारी अरुंद वाट, एका अंगाला कातळ आणि दुसऱ्या अंगाला दरी. कोकणातून मिठाच्या गोण्या लादलेला बैलांचा तांडा याच वाटेनं वर यायचा. आणि धुकं असं की बैलाला स्वतःचं शेपूट सापडत नसे. मग तांड्यानं वर यायचं कसं? तर हैबतीच्या आवाजावर.

हैबती हा गावचा हाळकरी. धुकं दाटलं की तो नाळेच्या तोंडाशी कातळावर उभा राहायचा आणि हाळी द्यायचा. हाळी जिकडून येते तिकडं वाट, एवढंच तांड्याला ठाऊक असायचं. असं म्हणतात, हैबतीनं हाळी दिली की खाली कोकणातल्या बाया चुलीवरचा भात उतरवायच्या, कारण त्यांना वाटायचं घरधनीच जेवायला वाढ म्हणून हाका मारतोय. असंही म्हणतात की तीन वर्षं हरवलेला एक बैल ती हाळी ऐकून परत आला, आणि एकटा नाही, गाय-वासरासकट आला. तो बैल मी बघितलेला नाही. पण त्याच्या वंशातल्या गाईचं दूध प्यालोय, आणि ते दूध काही खोटं नव्हतं.

तर एका सकाळी हैबती चूळ भरत होता. गार पाणी डाव्या गालाला लागलं आणि गालात वीज पडली. कानापाशी पडली आणि हनुवटीपर्यंत धावत गेली. डोळा मिटून उघडेपर्यंत संपलीसुद्धा. हैबती हातात तांब्या धरून तसाच उभा राहिला. गालावर ना सूज होती, ना लाली. बायको हौसा म्हणाली, काही तरी चावलं असेल.

मग ती वीज दिवसातून एकदा यायला लागली, मग दहादा, मग हैबतीनं मोजणं सोडलं. वारा लागला की वीज. घास चावला की वीज. मिशीला नुसतं बोट लागलं तरी वीज. त्यामुळे उजवी मिशी कातरलेली आणि डावी खांद्यावर लोळणारी, असं त्याचं रूप झालं. असं म्हणतात, त्या डाव्या मिशीत चिमणीनं घरटं केलं होतं, आणि हैबतीनं ते हलवलं नाही ते काही भूतदयेपोटी नव्हे.

हे सगळं त्यानं सोसलं असतं. पण हाळी द्यायला तोंड पुरतं उघडावं लागतं, आणि समोरून दरीतला वारा थेट गालावर येतो. एकदा भर धुक्यात तांडा नाळेत असताना त्याची हाळी मधेच तुटली. पुढचा बैल आवाज शोधत भलतीकडं वळला आणि गोण्यांसकट दरीत गेला. बैलामागचा माणूस करवंदीच्या जाळीत अडकला म्हणून वाचला. तांड्याचा नाईक वर आला तेव्हा हैबती गाल हातात धरून बसलेला होता. नाईक रागावला नाही. एवढंच म्हणाला, की दिवाळी झाल्यावर पुढची खेप येईल, आणि त्या खेपेला आमची बायका-पोरं बरोबर असतील.

त्या दिवसापासून हैबतीला विजेपेक्षा दिवाळीची भीती वाटायला लागली.

आता गावात माणसाला काही दुखलं आणि गावानं उपाय सांगितला नाही, असं कधी झालंय? आधी एक फिरता वैदू आला. तो म्हणाला, दाताचं आहे. त्यानं डावीकडची एक दाढ उपटली. ती इतकी निरोगी निघाली की वैदूनं ती नमुना म्हणून आपल्या माळेत ओवून घेतली. दुखणं तसंच राहिलं. मग त्यानं शेजारची उपटली, मग तिच्या शेजारची. तिसऱ्या दाढेला हौसा मुसळ घेऊन बाहेर आली आणि वैदू माळेसकट पसार झाला.

मग गावकरी सुरू झाले. एकानं सांगितलं, तापल्या विळ्यानं गालाला डाग द्या. गुरव म्हणाला, दोन मुठी हिरव्या मिरच्या एका दमात खा, आगीनं आग विझते. पाटील म्हणाले, मोठ्या धबधब्याखाली तोंड वर करून सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभं राहायचं. कोणी जिवंत बेडूक गालावर बांधायला सांगितला. हैबती बिचारा करत गेला. डाग तेवढा हौसेनं देऊ दिला नाही. पण मिरच्या खाल्ल्या, धबधब्याखाली उभा राहिला. पाण्याचा पहिला थेंब गालावर पडला तेव्हा तो जो ओरडला, त्यानं म्हणे धबधबा क्षणभर उलटा वर गेला.

नवरात्र आलं तेव्हा तो पेजेवर जगत होता, तीही नळीनं ओढून. बोलायचं ते हाताच्या खुणांनी. आणि अंगणात अजून माणसं जमतच होती, नवे नवे उपाय घेऊन. त्या दिवशी हौसेचं डोकं फिरलं. ती उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली,

"आजपासून ज्यानं उपाय सांगितला, त्यानं तो आधी स्वतःवर करायचा. हितंच, माझ्या अंगणात. मग माझ्या नवऱ्याला हात लावायचा."

अंगणातल्या प्रत्येकाला घरची कामं आठवली. डागवाल्याची गाय व्यायला आली होती, ती बहुधा अजून व्यालेली नाही. गुरवाला तोंड आलेलं होतं. पाटलांचा मात्र मान आडवा आला. ते खरोखर जाऊन धबधब्याखाली उभे राहिले, आणि पुढं पंधरा दिवस त्यांचा आवाज फुटला नाही. गावाच्या इतिहासात ते पंधरा दिवस सुखाचे म्हणून सांगतात. बेडूकवाल्यानंही बेडूक बांधून बघितला. बेडकानं उडी मारली ती मुंडाशासकट, आणि मुंडासं अजून सापडलेलं नाही.

अंगण रिकामं झालं. एक बाई तेवढी राहिली.

ती होती कुंभारवाड्यातली आवडाबाई. नाव आवडा, पण गावात ती कुणाला आवडत नसे. अकरा वर्षांत तिला कोणी हसताना बघितलं नव्हतं. अर्ध्या तोंडावर सदा पदर. कोणी बोलायला गेलं तर मान हलवायची आणि चाकावर वाकायची. बायका म्हणायच्या, मडकी चांगली करते म्हणून एवढा तोरा. ती अंगणात आली, कनवटीची डबी काढली, त्यातली चिमूटभर पूड जिभेवर ठेवली आणि गिळली. मग तोंडावरचा पदर बाजूला केला. अकरा वर्षांनी कुणाला तरी तिचं सबंध तोंड दिसलं. तोरा बिरा काही नव्हता. साधं, दमलेलं तोंड होतं.

"माझ्या उजव्या गालात पडती," ती म्हणाली. "अकरा वरसं झाली. हे मी रोज खाते, तरी ती परत येईल या भ्यानं हसत न्हाई, पदर सोडत न्हाई."

हैबती तिच्याकडं बघतच राहिला. त्यानं खुणेनं विचारलं, वीज? तिनं मान हलवली. कानापाशी? हो. वाऱ्यानं? वाऱ्यानं, पाण्यानं, भाकरीनं, हसल्यानं. हैबतीच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते डाव्या गालावर ओघळू नये म्हणून त्याला मान वाकडी करावी लागली. हौसेनं तिला ओट्यावर बसवलं आणि विचारलं, की अगं, सहा घरं टाकून राहतेस, एवढी वर्षं बोलली का नाहीस?

"बोलले असते तर तुमच्या पाटलांनी मला धबधब्याखाली उभी केली असती," आवडाबाई म्हणाली.

मग तिनं हळूहळू सांगितलं. मडकी विकायला ती लांबच्या बाजाराला गेली होती, तिथं एक म्हातारा वैद्य भेटला. त्यानं उपाय सांगायच्या आधी तिचं सगळं ऐकून घेतलं. पुरा एक प्रहर मधे बोलला नाही. तिचं सांगून झाल्यावर म्हणाला, दात निर्दोष आहेत, त्यांना सोड. दुखणं गालात दिसतं, पण त्याची शीर आत कानामागं आहे. मग त्यानं ही मुळी दिली. कुठली मुळी ते मला विचारू नका. डबी आवडाबाईबरोबर गेली, आणि आता उंबरदरीचे लोकही गालात वीज पडली की एसटीनं सरळ शहरातल्या मोठ्या डॉक्टरकडं जातात, जे की बरोबर आहे.

पण तेव्हा ती पूड होती, आणि तिचे नियम होते. आज तांदळाच्या दाण्याएवढी, तीन दिवसांनी दोन दाण्यांएवढी, मग तीन. घाई करायची नाही, आणि बरं वाटलं म्हणून सोडायची नाही. पहिले आठ दिवस हैबती बसल्या जागी झुलायचा. एकदा तर म्हशीलाच हौसा समजून अर्धा प्रहर तिला आपली कैफियत सांगत बसला. म्हशीनं फार चांगलं ऐकून घेतलं, असं म्हणतात. नवव्या दिवशी त्यानं पेज नळीशिवाय प्यायली. पंधराव्या दिवशी भाकरीचा पापुद्रा खाल्ला. आणि एका सकाळी हौसा उठून बघते तर हा दारात बसून स्वतःची डावी मिशी विंचरतोय. चिमणीला आदल्या दिवशीच दुसरीकडं हलवलेलं होतं, उगीच तुम्ही काळजी कराल म्हणून सांगतो.

"गेली का वो?" हौसेनं विचारलं.

उत्तर आवडाबाईनं दिलं, कारण ती डबी घेऊन आलेलीच होती. "जात न्हाई, हौसाक्का. लांब जाऊन बसती. पण ती लांब हाय तवर जेवण होतं, झोप होती, माणसाशी बोलणं होतं. तेवढं पुरतं."

दिवाळी झाली. चौथ्या दिवशी सकाळी धुकं आलं ते असं, की लोकांनी त्याला कुंपणापाशी अडवून धरलं असतं तर ते तिथंच उभं राहिलं असतं. आणि खालून घुंगरांचा आवाज यायला लागला. चाळीस बैल, त्यांच्या मागं बायका, बायकांच्या कडेवर पोरं. हैबती कातळावर चढला. मागं हौसा, आवडाबाई आणि सगळं गाव. दरीतला वारा उठला आणि थेट त्याच्या डाव्या गालावर आला. तो थांबला. वाऱ्यानं गाल चाचपून बघितला आणि काही झालं नाही.

हैबतीनं तोंड उघडलं आणि हाळी दिली.

असं म्हणतात, त्या हाळीनं धुकं मधोमध फाटलं आणि दोन्ही कड्यांवर वाळत घातलेल्या धोतरासारखं लटकत राहिलं. असं म्हणतात, कोकणात त्या दिवशी तीन गावांचा भात कच्चाच उतरला. बैल ओळीनं वर आले, एकाचाही खूर घसरला नाही. शेवटी नाईक आला, त्यानं माणसं मोजली, पोरं मोजली आणि खाली बसून गटागटा पाणी प्याला. पण हैबती थांबेना. तो हाळ्या देतच होता. नाईक म्हणाला, "बाबा, आम्ही सगळे आलो."

"ते बघितलं मी," हैबती म्हणाला. "आता माझ्यासाठी देतोय."

दिवस मावळेपर्यंत तो हाळ्या देत राहिला, आणि कुणीही त्याला पुरे म्हटलं नाही.

पण गावाला हैबती आठवतो तो या हाळीसाठी नव्हे. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं, धुक्याचा मागमूस नव्हता, आणि तरी हा कातळावर चढला. त्याला एक गोष्ट झोपू देत नव्हती. सहा घरांच्या अंतरावर दोन माणसं एकच दुखणं सोसत होती आणि एकमेकांना पत्ता नव्हता. मग सहा डोंगरांपलीकडं काय असेल? त्यानं दरीकडं तोंड केलं आणि ओरडला, "माझ्या गालात वीज पडती. कुणाच्या पडती का?"

आवाज या कड्यावरून त्या कड्यावर गेला, खाली उतरला, नदी ओलांडून गेला. मग बऱ्याच वेळानं समोरच्या पठारावरून एक धनगर ओरडला, माझ्या. खालच्या वाडीतून एका म्हातारीचा आवाज आला, माझ्या पण. दुपारपर्यंत सात जण झाले. पुढच्या पौर्णिमेला ते सातही हैबतीच्या अंगणात बसले होते. आवडाबाईनं आधी स्वतः पूड खाल्ली, मग त्यांना दिली. दोघांना ती मानवली नाही. त्यांना धनगरानं आपल्याकडचा दुसरा वैद्य दाखवला. आणि बोलून बोलून सगळ्यांचे गाल इतके दुखले की त्यांना ते साधं दुखणं आहे हे ओळखून हसू आलं. आवडाबाईही हसली. कुंभारवाड्यातली माणसं ते बघायला धावत आली होती.

हैबती गेला, आवडाबाई गेली, नाळेतून मीठ यायचं बंद झालं. पण उंबरदरीत अजून कुणी म्हणालं की मला दुखतंय, तर त्याला उपाय सांगत नाहीत. सांगितलाच, तर हौसेचा नियम लागू होतो. दोन वर्षांपूर्वी मुंबईहून आलेल्या एका जावयानं सगळ्या गावासमोर पाच कारली कच्ची खाल्ली. दुखणाऱ्या माणसाला कातळावर नेतात, त्याचं सगळं सांगून होईपर्यंत ऐकतात, आणि मग गावातला चांगल्या आवाजाचा माणूस हैबतीबाबाचं नाव घेऊन त्याचं दुखणं दरीत हाळीनं सांगतो. "कुणाला असंच दुखतं का?" असं विचारून सगळे गप्प बसतात. हल्ली खालच्या गावांतून मोबाइलवरही उत्तर येतं, पण ते हाळीत धरत नाहीत.

एकदा एका बाईच्या हाळीला उत्तर आलं नाही. सकाळ गेली, ऊन डोक्यावर आलं. बाई म्हणाली, जाऊ दे, माझं एकटीचंच असेल. कुणी उठलं नाही. भाकऱ्या कातळावरच मागवल्या, दर घटकेला हाळी देत राहिले, आवाज बसला की दुसरा माणूस उभा राहिला. ऊन कलतं झालं तेव्हा फार लांबून, पलीकडच्या डोंगराच्याही पलीकडून, बारीक आवाज आला.

"मला."

बाई उठली, चपला पायांत घातल्या, आणि त्या आवाजाच्या दिशेनं नाळ उतरायला लागली.