धोंडूला पाणी दाखवल्याची कहाणी

ऐक कासवराया, तुझी कहाणी. ऐका बायांनो, हातातलं काम खाली ठेवा आणि ऐका.

आटपाट म्हणावं असं एक नगर होतं. तिथं हरबा नावाचा तांबट राहत होता. त्याला एक लेक होती, तिचं नाव तापी. लेक शिकायला दूरदेशी गेली. तिथं मुक्या जिवांची वैद्यकी शिकली. सहा वर्षं झाली, मग ऐन वैशाखात घरी परत आली.

वाटेत तिला काय वाटत होतं? परसात जांभळीची गार सावली असेल. सावलीत ओली माती असेल. मातीत धोंडू पोटापर्यंत रुतून बसला असेल. धोंडू कोण? तिच्या आईचं कासव. आई माळावरच्या गावची, गुराढोरांच्या मुलखातली. लग्न होऊन आली तेव्हा टोपलीतून हे कासव घेऊन आली. जमिनीवरचं कासव, पाठीवर पिवळ्या चांदण्या. दगडासारखं निजतं म्हणून तिनं त्याला धोंडू म्हटलं. ती आई तीन वर्षांमागं वारली. लेक दूर होती, तिला पोचता आलं नाही. आईच्या हातचं जिवंत असं एवढंच एक आता उरलं होतं.

आणि घरी येऊन बघते तो काय? जांभूळ तोडलेली. तिच्या जागी काळ्या फरशीचा ओटा. ओट्याला पितळी कठडा, चिंचेनं घासून लख्ख केलेला. मधोमध धोंडू. पाठीला तेल चोपडलेलं, तेलावर कुंकू, कुंकवावर मोगऱ्याची माळ. तापीनं फरशीला हात लावला आणि चटका बसून मागं घेतला. धोंडूचे डोळे खोल गेले होते. पायांची कातडी वाळल्या खारकेसारखी झाली होती.

तापी ओरडली, "आत्या! याला पाणी कोण देतं?"

आतून गोपिका आत्या आली. हरबाची थोरली बहीण, त्या घरची कर्ती. म्हणाली, "अगं, आधी पाय तर धू. आल्या आल्या आरडाओरडा? रोज दोन वेळा त्याला पाणी दाखवते मी. तुझ्या आईनं जाताना माझा हात धरला, म्हणाली, 'वन्सं, माझ्या मागं धोंडूला पाणी दाखवा. वैशाखात दोन वेळा दाखवा, चुकू नका.' तीन वर्षं झाली. एक वेळ चुकले नाही."

आईचा शब्द ऐकला आणि तापी गप्प बसली. ओट्यावर चढायला गेली, तर आत्यानं अडवलं. "परमुलखाहून आलीस. तीन दिवस ओट्याला शिवायचं नाही."

मग पहिला दिवस उजाडला. तापीनं विचारलं, "आत्या, पाणी?"

"दाखवलं."

"प्यायला का?"

"आता देव का आपल्यासारखा घटाघटा पितो? तिकडं हेच शिकवलं वाटतं!"

तापीला राग आला. तिनं तो गिळला.

मग दुसरा दिवस उजाडला. ऊन कालच्याहून चढलं. तापी बापाकडे गेली. म्हणाली, "बाबा, फरशी भाजते आहे. निदान कठड्यावर एक ओलं पोतं टाका."

हरबा म्हणाला, "सहा महिने ठोकून ठोकून तो कठडा केला मी. गावोगावचे लोक बघायला येतात. त्यावर पोतं टाकू?"

मग तापीनं आत्याला विचारलं, "पाणी?"

"दाखवलं, दाखवलं! नाव तापी ठेवलं म्हणून असं उठल्याबसल्या तापायचं का ग? आई गेली तेव्हा फिरकली नाहीस, आणि आता कासवाचा उमाळा!"

तो शब्द लागला. तापी पुन्हा गप्प बसली. बायांनो, ती गप्प बसली हे ध्यानात ठेवा. पुढं तिला सगळ्यांत जास्त राग त्याचाच आला.

मग तिसरा दिवस उजाडला. आत्यानं तिला कासंडी देऊन ताकाला पाठवलं. ठकू गवळणीचा गोठा वेशीजवळ होता. तापी दारात उभी राहिली. ठकू म्हणाली, "बस ग पोरी. म्हशींना पाणी दाखवून येते, मग ताक देते."

तापी बसली. ठकूनं म्हशी सोडल्या. म्हशी दगडी हौदावर गेल्या. नाकपुड्यांपर्यंत तोंडं बुडवली आणि प्यायल्या. एवढ्या प्यायल्या की हौद वीतभर उतरला.

तापी उठून उभी राहिली. "ठकूबाई, तू तर पाणी दाखवते म्हणालीस."

"मग?"

"ह्या पितायत."

ठकू हसली. "अग बाई! पाणी दाखवायचं म्हंजे पाजायचं. नुसतं दाखवून म्हैस दूध देती व्हय? तुजी आईबी असंच म्हनायची की. आमच्याच मुलखाची ती."

तापीच्या हातून कासंडी पडली. ताक घ्यायचं राहिलं, कासंडी उचलायची राहिली, तापी धावत सुटली. भर दुपारी, उघड्या डोक्यानं, अनवाणी.

घरी आली तर काय चाललं होतं? गल्लीतल्या बाया जमल्या होत्या. आत्यानं ओट्यावर पाण्याचं चौकोनी मंडल काढलं. त्यावर तांब्याची वाटी ठेवली. वाटीत आडाचं पाणी. मग आत्यानं डोळे मिटले, पळीनं वाटीभोवती पाणी फिरवलं, घंटा वाजवली. धोंडूला पाण्याचा वास आला. त्यानं मान बाहेर काढली. एक पाऊल टाकलं. दुसरं पाऊल टाकलं. तिसरं टाकलं, तोंड वाटीला लागणार, तोच आत्यानं डोळे उघडले आणि वाटी उचलली. "नैवेद्य दाखवला हो," म्हणाली, आणि पळी पळी तीर्थ वाटू लागली. आधी आपण घेतलं, मग बायांना दिलं. बायांनी हात डोळ्यांना लावले.

धोंडूची मान तशीच बाहेर राहिली. तोंडाशी फेस आला.

तापीनं आत्याच्या हातातली पळी उडवली. ती अंगणात खणखणत गेली. "दाखवायचं आणि उचलून न्यायचं? असं तीन वर्षं?"

"काय झालं तुला? अगं, नैवेद्य असाच दाखवतात."

"तो नैवेद्य नव्हे, त्याचं पाणी आहे! माझी आई गुराढोरांच्या मुलखातली. तिकडं पाणी दाखवणं म्हणजे पाजणं. ती म्हणाली पाजा. आणि तू त्याच्या तोंडचं पाणी काढून घेतलंस, स्वतः प्यालीस, गल्लीला पाजलंस!"

एवढ्यात कुणीतरी ओरडलं, "कासवाला घेरी आली!" एक बाई म्हणाली, "आडात सोडा, पाण्यातलं जनावर आहे, हुशारेल." दुसरी धोंडूला उचलायला धावली. तिसरी माठ घेऊन आली, म्हणाली, "गार पाणी ओता वर."

तापी कठड्यावरून उडी मारून आत पडली. फरशीनं पाय भाजले. तिनं धोंडूला पोटाशी धरलं आणि तिघींवर खेकसली, "आडात टाकाल तर दगडासारखं बुडेल, जमिनीचं कासव आहे! माठ लांब ठेवा, तापल्या जिवावर एकदम गार ओतलं तर जीव जाईल! सरका!"

कोणी सरकलं नाही, तेव्हा तिनंच वाट काढली. ओसरीच्या सावलीत आली. मोठी परात घेतली. पिंपातलं कोमट पाणी त्यात ओतलं. किती ओतलं? धोंडूची हनुवटी भिजेल इतकं. नाकपुड्या वर राहतील इतकं. मग त्याला आत ठेवला. तेल पुसलं, कुंकू पुसलं, माळ भिरकावली.

एक घटका गेली, धोंडू हलला नाही. दुसरी घटका गेली, हलला नाही. तापीच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते परातीत पडलं. तिसरी घटका भरत आली. मग धोंडूनं डोळे किलकिले केले. मान लांब केली. तोंड पाण्यात घातलं. त्याचं नरडं हललं. एकदा हललं, दोनदा हललं, मग हलतच राहिलं. ओसरीवर तीस बाया होत्या. सगळ्या परातीवर वाकल्या.

आत्या परातीजवळ आली. म्हणाली, "ती दाखवा म्हणाली. मी दाखवलं. मला कसं कळावं?"

तापीला दया आली नाही. म्हणाली, "शब्द नव्हता कळत, तर मान दिसत होती. रोज दोन वेळा तो मान पुढं करत होता. पहिली दोन वर्षं हा जगला तो मोरीतून सांडलेल्या पाण्यावर, जांभळीखालच्या ओलाव्यावर. तेव्हा नैवेद्य दाखवलात तरी साधं कासव होता. यंदा तुम्ही त्याचा देव केलात. झाड तोडलंत, माती झाकलीत, भोवती पितळ ठोकलंत. देव केला की तहान लागत नाही, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

मग बापाकडे वळली. "तुम्हाला कठडा दिसला. आत कोण आहे, ते दिसलं नाही."

मग स्वतःशी म्हणाली, "आणि मी एवढी शिकून आले, तर दोन दिवस नुसती विचारत बसले. पाणी दाखवलं का, पाणी दाखवलं का! जाऊन वाटीत बघितलं नाही."

त्या संध्याकाळी हरबानं छिन्नी घेतली आणि कठडा उचकटला. कुणी सांगितलं नव्हतं.

चौथा दिवस उजाडला. रोजच्यासारख्या बाया वाट्या घेऊन दारात आल्या. "तापी, तीर्थ?"

तापी म्हणाली, "तीर्थ नाही. आज नाही, उद्या नाही. ज्याचं पाणी त्याला मिळेल."

एक बाई म्हणाली, "मग आम्ही घेतलेल्या तीर्थाच्या वशाचं काय?"

"वसा घ्या ना. पण खरा घ्या."

"कधी घ्यावा? काय करावं?"

तापी म्हणाली, "पाडव्याला घ्यावा, मृगाला पुरा करावा. सकाळी उन्हाआधी उठावं. पसरट परात घ्यावी, तिचा काठ उतरता असावा, जीव आत गेला तर आपला आपण बाहेर यावा. कोमट पाणी घालावं, हनुवटी भिजेल इतकंच. त्यात त्याला बसवावं, पिऊ द्यावं. प्यायला की पाणी फेकावं, नवं ठेवावं, दिवसभर राहू द्यावं. सावलीला ओली माती करावी, ढेकूळ फोडून, त्याला रुतता येईल अशी. ऊन चढलं की वर पोतं भिजवून बांधावं, पण वारा अडवू नये. काकडी द्यावी, कोवळा पाला द्यावा. तेल लावू नये. कुंकू लावू नये. फरशीवर ठेवू नये. आणि या वशाला डोळे मिटू नयेत."

"एवढं केल्यानं फळ काय?"

"कासव जगेल."

"ते झालं ग. आम्हाला काय?"

तापीचा आवाज चढला. "तहानलेला जीव तुमच्या दारात पाणी पितो, हे फळ पुरत नाही तुम्हाला? यावर मुलगा पाहिजे, राज्य पाहिजे? आडाला पाणी येईल का म्हणाल, तर आड पावसानं भरतो. असल्या हिशेबानं येत असाल, तर वाट्या घेऊन घरी जा!"

निम्म्या बाया गेल्या. निम्म्या राहिल्या.

तेवढ्यात हरबा आला. रात्रभर त्याच्या हातोड्याचा आवाज येत होता. कठड्याचं पितळ ठोकून त्यानं परात केली होती, उतरत्या काठाची. खाली ठेवली, आणि लेकीकडे न बघता गेला.

तापीची पेटी अजून बांधलेलीच होती. दूरदेशी तिच्या गुरूंनी तिला शिकवायला बोलावलं होतं, महिन्याभरात निघायचं होतं. तिनं पेटीची दोरी सोडली. ती दोरी ओल्या पोत्याला बांधली. मग तांब्या भरला आणि दाराआड उभ्या असलेल्या आत्याच्या हातात दिला.

आत्या म्हणाली, "मी नको ग. माझ्या हातून पाप झालं."

"म्हणूनच तू. राग गेला नाही माझा, जाईल असंही नाही. पण आईनं तुझा हात धरला होता. ओत."

आत्यानं ओतलं. तापी शेजारी बसली. दोघींचे गळे कालपासून कोरडे होते. तिथंच तापीनं ठरवलं, की आता परत जायचं नाही. या घरात 'दाखवलं' म्हणायचं नाही. आणि उन्हाळा आहे तोवर रोज सकाळी, धोंडूचं नरडं हललेलं डोळ्यांनी बघितल्याशिवाय, आपण पाण्याचा थेंब घ्यायचा नाही.

मग दोघी डोळे उघडे ठेवून बसल्या. धोंडूनं मान लांब केली.

जसं त्याला पाणी मिळालं, तसं तुमच्या आमच्या दारच्या मुक्या जिवाला मिळो, आणि न दिलं तर आपल्या घशाला कोरड पडो. साठां बोलांची ही कहाणी, पांच घोटांत भरली, सुफळ होऊन पुरी झाली.