न बांधलेला दोरा

फार जुनी गोष्ट आहे, राजाला रस्ते बांधायचं अजून सुचलं नव्हतं तेव्हाची. डोंगराच्या कुशीत लोहारांचं एक गाव होतं. तिथं कुणालाही उठून आपली ऐरण मांडता येत नसे. आधी स्वतः घडवलेला सुरा पंचांपुढं ठेवायचा. तो परीक्षेला उतरला, तर पात्यावर ठोकायला स्वतःचा शिक्का मिळे. नाही उतरला, तर आणखी वर्षभर दुसऱ्याच्या भट्टीवर घाम गाळायचा.

सुऱ्याचे नियम लेकरांनाही पाठ होते. पातं एकाच पोलादाचं हवं, त्यात जोड नको. मुठीच्या आत जी शेपटी जाते, तिला मात्र जोड चाले. पण मग मुठीला लाल दोरा बांधून आणायचा. हसं होईल म्हणून कित्येक वर्षांत कुणी दोरा बांधलाच नव्हता.

गेनू लोहार बारा वर्षं मामाच्या भट्टीवर राबत होता. यंदा त्याने जीव ओतून पातं घडवलं. आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी शेपटी ठोकून बारीक करताना तिच्या मुळाशी चीर गेली. नवा सुरा घडवायला वेळ नव्हता. त्याने शेपटी तोडली, दुसरी तापवून जोडली, पात्याला पाणी पाजलं आणि बाभळीची मूठ बसवली. जोड मुठीत गडप झाला.

बायको ठकू भाता ओढत होती. तिने लुगड्याच्या काठाचा लाल दोरा उसवून पुढं केला.

"बांधा, धनी."

"दोरेवाला लोहार म्हणून जन्मभर हसतील. मामा तर सगळ्यांच्या आधी."

"हसू द्या की. हसण्यानं कुठं सुरा मोडतोय?"

दोरा तिच्या हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी टांगलेला मोटेचा नाडा गेनूच्या सुऱ्याने एका घावात तुटला. वाळलं लाकूड तोडूनही धार बोथटली नाही. पंचांतले वडील, भिकोबादाजी, यांनी त्याच धारेने मनगटावरचे केस भादरून पाहिले. मामासुद्धा मान डोलवायला लागला.

राहिलं वाकवणं. पात्याचं टोक दगडाच्या खाचेत रोवायचं आणि सुताराच्या गुण्यासारखं काटकोनात वळेपर्यंत वाकवायचं. मोडलं नाही म्हणजे झालं.

दाजींनी विचारलं, दोरा नाही ना? गेनू नाही म्हणाला. ठकूने खाली मान घातली.

दाजींनी मूठ धरून जोर लावला. पातं जरासं वाकलं, आणि कट्कन मूठ दाजींच्या हातात आली.

दाजी रागावले नाहीत. त्यांनी एक लोखंडी कडी मागवली, तुटल्या जागेच्या पुढं पात्यालाच अडकवली आणि पुन्हा जोर लावला. पातं वाकत वाकत गुण्याला आलं. साधी चीर गेली नाही.

"दोरा दिसला की आम्ही असं वाकवतो," दाजी म्हणाले. "जोडावर जोर येऊ देत नाही. दोरा काय तुझी लाज काढायला ठेवलाय होय? पातं उतरलं, गेनू. तू नाही उतरलास."

गेनू आणखी एक वर्ष मामाच्या भट्टीवर गेला. पुढं त्याला शिक्का मिळाला. मग त्याच्याकडं जोडायला आलेला फाळ असो की विळा, जोडाच्या जागी लाल दोरा बांधल्याशिवाय त्याने तो कधी परत दिला नाही. दोरा ठकूच्या लुगड्याचा.

म्हणून सांगते, उणं सांगितलं की त्याला आधार मिळतो, लपवलं की सगळा भार त्याच्यावरच येतो.